बेगम आणि शेवंताची गादी

पानशेतचं धरण फुटलं त्याच्या आदल्या सालची गोष्ट हाय. माघाची थंडी व्हती. आमचे हे इनामगावास्नं आले, खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आन् तिच्यातनं एक मांजर बाहेर काढलं. पांढरं फटक. डोळे तेवढे निळे.

"हे काय?" मी विचारलं.

"मांजर हाय."

"ते कळतंय मला. पण कशाला?"

"थंडीनं कुडकुडत व्हती बिचारी. घेतली."

घ्या! मी साठीला टेकलेली, हे पासष्टीच्या पल्याड. या वयात माणसं हजला जायच्या गोष्टी करतात. आन् आमच्या घरात पाळणा हलला तो मांजरीचा.

आम्ही पिंजारी. शिरूरला बाजाराच्या मागल्या गल्लीत आमचं घर. हे खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव हिंडायचे. पिंजण म्हंजी धनुष्यावाणी मोठं लाकूड, त्याला बकऱ्याच्या आतड्याची तात लावलेली. तातीवर ठोका घातला की कापूस मोकळा व्हतो. आन् घरी मी. खोळीत कापूस भरायचा, तोंड शिवायचं, गादी काठीनं झोडपून सारखी करायची, मग दाभणानं आरपार टाके घालायचे. लगीन होऊन आले तवापास्नं हेच करते. शिरूरात निम्मी माणसं माझ्या गादीवर झोपतात, असं मी म्हणायची. उगं न्हाई, खरंच म्हणायची.

आता असल्या घरात मांजर म्हंजी काय, तुम्हीच सांगा. पयल्याच आठवड्यात तिनं पिंजणाची तात कुरतडली. आतड्याचा वास तिला, सोडतीय व्हय? ह्यांचा दोन दिवसांचा धंदा बुडाला. मी झाडू घेतला तर हे मधी पडले. "अगं, तिची काय चूक? तिला वाटलं खायाचं हाय." मग तिला कापसाचा ढीग सापडला. दिवसभर ढिगात खड्डा करून झोपायची. गिऱ्हाइकाच्या कापसात मांजरीचे केस! मी उचलून टाकली की माझी पाठ फिरायच्या आत पुन्हा तिथंच. ओरडून उपेग न्हाई, कारण बाईसाहेब ठार बहिऱ्या. ह्यांनीच शोधून काढलं ते. तिच्या कानामागं टाळी वाजवली, पातेलं आपटलं, तिनं मान वळवली न्हाई.

"पांढऱ्या मांजरी असत्यात बहिऱ्या," हे म्हणाले. जसं काय शंभर मांजरी पाळल्यात.

आन् नाव काय ठेवलं? बेगम! लग्नाला चाळीस वर्षं झाली, ह्या माणसानं मला कवा नावानं हाक मारली न्हाई. "अगं", "ऐकलं का", न्हाईतर "अयुबची अम्मी". आन् मांजरीला बेगम. दिवसातनं पन्नास बार. तेही बहिऱ्या मांजरीला.

पण मी गप ऱ्हायले. का, तेही सांगते. आमचा अयुब खडकीला कारखान्यात लागला, बायकापोरं घेऊन तिकडं गेला, तवापास्नं ह्यांचं जेवण तुटलं व्हतं. कापसाचं तूस छातीत बसून खोकला तर जुनाच. आता भाकरी पुढं ठेवली की तुकडा मोडायचे आन् बघत बसायचे. रात्री कूस बदलली की हाडं वाजल्यासारखी वाटायची. मी रागवायची, रडायची, काय फरक न्हाई. ही मांजर आली आन् हे चतकोर भाकरी दुधात कुस्करून तिला घालायला लागले. ती खायची, म्हणून हे खायचे. उन्हाळा लागेस्तवर माणसाच्या गालावर मांस दिसायला लागलं. मग मी कशाला बोलू? तिला शिव्या द्यायच्या त्या मनात द्यायची. ऐकू तर तिला तसंबी येत नव्हतं.

वैशाखात मारुतरावांच्या शेवंताचं लगीन निघालं. मारुतराव आमच्यापास्नं तिसऱ्या घरात, आन् शेवंता तर आमच्याच कापसात लोळून मोठी झालेली. तिला दौंडला दिली, सोपानरावांच्या घरात. आंदणात दोन गाद्या द्यायच्या ठरल्या. एक मी आधीच करून ठेवली. दुसरीची खोळ शिंप्यानं लग्नाच्या दिवशी सांजच्याला आणून दिली, मेल्यानं! दुसऱ्या दिवशी सकाळी नवरी आन् आंदण घेऊन लॉरी दौंडला जाणार. ह्यांना कारेगावला कापूस पिंजायला जायाचं व्हतं, ते पहाटंच बैलगाडीनं गेले. जाताना एकच सांगितलं, "बेगमला दूध दे बरं का."

मी खोळ घेतली, भरायला बसले. बाहेर लॉरीवाला भोंगा वाजवतोय, मारुतरावांचा माणूस दारात उभा. "झाली का रोशनबी? झाली का?" माझे हात कसे चालले माझं मला ठाऊक. मूठमूठ न्हाई, कवळंच्या कवळं कापूस आत कोंबला. तोंड शिवलं. काठी घेतली आन् दणादणा झोडपली, कोपरे सारखे होईस्तवर. टाके घातले. दोघांनी गादी उचलली, लॉरीत टाकली, नवरी रडली, लॉरी गेली.

मी हातपाय धुतले. वाटीत दूध घेतलं, ढिगापाशी ठेवलं. बेगम आली न्हाई.

पयल्यांदा काय वाटलं न्हाई. चूल बघितली, रांजणामागं बघितलं, माळ्यावर बघितलं. ढिगाकडं बघितलं. मग परड्यात गेले, विहिरीत डोकावले. पुन्हा आत आले, पुन्हा ढीग बघितला. नुसता कापूस. दूध तसंच. आन् तिथं उभ्या उभ्या मला ती खोळ आठवली.

त्या आदल्याच आठवड्यात मी तिला दोन बार अर्ध्या भरलेल्या खोळीतनं वढून काढली व्हती. तिला खोळीत शिरायची खोडच व्हती. ऊबदार, मऊ, अंधार. एकदा झोपली की भोंगा काय आन् तोफ काय, तिला काय कळणार? आन् मी काय बघून भरते व्हय? हातांनी भरते. पांढऱ्या कापसात पांढरी मांजर. कवळंबर कापूस उचलला, त्यात तीच गेली असंल तर?

आन् मग मला काठी आठवली. या अल्ला! मी तिला आत शिवली आन् वरनं झोडपली. जीव खाऊन झोडपली. एका कोपऱ्यात जरा उंचवटा वाटला म्हणून तिथं जादा चार ठेवून दिले व्हते, तेबी आठवलं. मी मटकन खाली बसले. घाम असा सुटला की लुगडं पाठीला चिकटलं.

कुणाला सांगू? मुक्ताबाई शेजारीच, पण तिला सांगितलं म्हंजी गावाला सांगितलं. आन् गोष्ट नुसती मांजरीची न्हवती. नव्या नवरीच्या आंदणाच्या गादीतनं मेलेलं मांजर निघालं तर? त्यांच्यात मांजर मारायचं पाप लई मोठं, काशीला सोन्याची मांजर वाहावी लागते म्हणतात. शेवंताच्या कपाळी जन्माचा डाग लागला असता. तिची सासू सारजाबाई, लग्नात तिच्या तोंडापुढं तर लॉरीवालाबी उभा ऱ्हायला नव्हता. आन् हे! हे सांजच्याला येणार, दारातनंच बेगम म्हणून हाक मारणार. मी काय सांगू? तुमची मांजर मी काठीनं मारली? पुन्हा हा माणूस भाकरीपुढं नुसता बघत बसंल, आन् या बारीला उठायचा न्हाई, हे मला लख्ख दिसत व्हतं.

पण समजा, अजून जिती असली तर? कापसातनं वारा जातो की. काठीबी कापसावर बसते, आतपतुर कुठं पोचते? असं मी माझं मलाच सांगत उठले. खिडक्यांच्या खिट्ट्या लावल्या, दाराला कुलूप घातलं, किल्ली मुक्ताबाईच्या हातात दिली. "दौंडला जाऊन येते," एवढंच म्हणलं. कमरेच्या चंचीत कात्री, दोऱ्याचं रीळ आन् एक दाभण टाकलं. यष्टी मिळाली.

न्हावऱ्यापतुर माझ्या डोळ्यापुढं गादीच. शेजारची बाई इचारतीय, लेकीकडं निघालाव का? मी व्हय म्हणलं. ड्रायव्हर वाटेत उतरून एका झाडाखाली पाणी प्यायला बसला तर मी खिडकीतनं ओरडले, "अरं बाबा, चल की! कुणाचा जीव चाललाय हितं!" गाडीतली सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. तो बिचारा पळत आला.

दौंडात सोपानरावांचं घर टेसनाच्या अलीकडंच व्हतं. दारात मांडवाचे खांब तसेच. सारजाबाई ओट्यावर बसून आल्यागेल्याला पान देत व्हती. मी वाटेत लई इचार केला व्हता की काय सांगायचं, आन् ठरवलं व्हतं ते एका दमात सांगून टाकलं.

"बाई, मी शिरूरची रोशनबी, पिंजाऱ्याची. गादी शिवताना माझं दाभण आत ऱ्हायलं. पोरीच्या अंगात घुसलं तर काय घ्या? म्हणून धावत आले. तेवढी गादी उसवू द्या, लगीच शिवून देते."

सारजाबाईनं मला खालपास्नं वरपतुर बघितलं. "एवढं हातभर दाभण आत सोडलंस? काय डोळे फुटले व्हते का तुझे?"

"चूक झाली बाई."

"चूक कशी व्हते? चाळीस वर्षं गाद्या शिवतीस म्हणं!"

मी मान खाली घातली. दुसरं कुणी असं बोललं असतं तर मी त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. पण त्या दिवशी गिळलं. आतल्या खोलीत शेवंता व्हती, हळदीनं पिवळी, मला बघून तिचा चेहरा फुलला. "मावशी!" म्हणून गळ्यात पडायला आली. गादी भिंतीला टेकून ठेवली व्हती. मी तिच्यावर हात ठेवला. हलतंय का? ऊब लागतीय का? काय कळंना.

गादी आडवी केली आन् कात्री चालवली. टाके कापले, तोंड उसवलं. डोळे मिटून हात घातला. हो, डोळे मिटूनच. मला बघायचं नव्हतं. कोपरापतुर हात कापसात, बोटं चाचपत चाललीत. एका कोपऱ्यात, त्याच कोपऱ्यात, हाताला काय तरी घट्ट लागलं. हळूच दाबलं. मग वढून बाहेर काढलं. कापसाची गुठळी व्हती. न पिंजलेली, सरकी अडकलेली गुठळी!

"हे व्हय दाभण?" सारजाबाई दारातनं म्हणाली.

"न्हाई बाई. बघते की."

मग मी सगळा कापूस उपसला. खोळ झटकली, उलटी केली, चारी कोपऱ्यांत हात फिरवला. बेगम नव्हती. केसबी नव्हता. मी तशीच बसले, कापसाच्या मधोमध, आन् मला हसूबी आलं आन् रडूबी आलं. शेवंता घाबरली. मी पटदिशी चंचीतलं दाभण काढलं, कापसात दडवलं आन् पुन्हा उचलून धरलं. "हे बघा! घावलं!"

सारजाबाईनं कपाळावर हात मारला. "देवा रे! माझ्या सुनंच्या पाठीत गेलं असतं की." आन् मग तिचा आवाजच बदलला. "बाई, परक्याच्या पोरीसाठी तू एवढ्या उन्हाची आलीस. बस. चहा घे." मी बशीत चहा घेतला. खरं सांगते, एवढं खोटं मी जन्मात बोलले नव्हते.

पुन्हा भरायला घेतली. दोरा ओवून दे म्हणून मी दाभण शेवंताच्या हातात दिलं. म्हणलं, माझे हात थरथरायलेत. ती शेजारी बसून टाके न्याहाळत व्हती.

"मावशी, हा टाका तिरका गेलाय. आन् हितं दोन सुटलेत."

"सुटले तर सुटले! सासरी आली न्हाईस तोवर लगीच शहाणी झालीस!" मी खेकसले. मग मीच तिच्या गालावरनं हात फिरवला. तिनं ते दोन टाके स्वतः घातले.

येताना यष्टीत मला वाटलं व्हतं की जीव हलका होईल. कुठला हलका? गादीत न्हाई, मग गेली कुठं? दारात सकाळी लॉरी उभी व्हती, दार सताड उघडं. बहिरी मांजर. लॉरी मागं घेतली तवा तिला भोंगा ऐकू आला असंल व्हय? मी तर गल्लीत बघितलंबी न्हाई, सरळ विहिरीकडं गेले. चाकाखाली सापडली असंल, आन् कुणी तरी शेपूट धरून उकिरड्यावर टाकली असंल. शिरूर जवळ आलं तसं मला उतरावं वाटंना. यष्टी अशीच नगरपतुर गेली तर बरं, असं वाटलं.

दिवस बुडायला टेकला व्हता. आमचं दार उघडं. हे उंबऱ्यापाशी बसून भाकरी खात व्हते. दुपारीच आले व्हते कारेगावास्नं, काम लवकर उरकलं म्हणून.

"कुठं व्हतीस दिवसभर?"

मी आत जाऊन उभी ऱ्हायले. "बेगम गेली," मी म्हणलं. "सकाळपास्नं न्हाई. मला वाटलं मीच गादीत शिवली. दौंडला जाऊन गादी उसवून आले, तिथं न्हाई. लॉरीखाली गेली असंल. माझ्याकडं बघू नका असं. मी लई शोधली हो."

ह्यांचा घास हातातच ऱ्हायला. "बेगम? कुठं गेली? तुझ्या म्होरं तर हाय."

मी म्होरं बघितलं. म्होरं कापसाचा ढीग.

"कुठं?"

"ढिगावर. झोपलीय. तिच्या म्होरंच तर उभी हाईस तू."

मी डोळे बारीक केले, मोठे केले. नुसतं पांढरं. दारातलं ऊन ढिगावर पडलेलं, आन् सगळं एकसारखं पांढरं, धुरकट. मग त्या पांढऱ्यातलं थोडं पांढरं हललं. तिनं अंग ताणलं असंल.

"आत्ता आली असंल," मी म्हणलं. "खिडकीतनं."

"खिडक्या तूच लावून गेलीस. आतनं खिट्टी हाय. मी कुलूप काढलं तवा हीच पयली दिसली, हितंच. दूध तेवढं तसंच पडलं व्हतं, मग मीच उठवून पाजलं." हे उठले. "सकाळी बघितलं नाहीस व्हय ढिगावर?"

बघितलं व्हतं. दोन बार बघितलं व्हतं. ढीग बघितला, विहीर बघितली, पुन्हा ढीग बघितला. दौंडात हातांनी शोधलं, आन् माझ्या घरात मात्र डोळे हायेत म्हणून डोळ्यांनी शोधलं. नुसता हात फिरवला असता तर घावली असती. पंधरा कोस गेले आन् पंधरा कोस आले, सगळं त्या एका पांढऱ्यापायी. दिवाळीपास्नं नजर धुरकट झालेली, आन् मी म्हणत व्हते, तूस गेलंय डोळ्यात. ऊन लई हाय. घरात उजेडच न्हाई. दोऱ्याचं टोक सापडंना तर रीळ वाईट. शेवंताच्या गादीचे टाके तिरके गेले तर शिंप्यानं घाई केली. ह्यांना बोलले न्हाई, कारण मी शिवायची थांबले तर हे पिंजून काय करणार? आन् अयुबला कळलं की तो दोघांनाबी खडकीला नेऊन खोलीत बसवणार. आज बेगम गादीत नव्हती. पण असती, तरीबी मी अशीच शिवली असती, अशीच झोडपली असती. हे मला त्या ढिगापुढं उभं ऱ्हाऊन कळलं, आन् मला एवढं भ्या वाटलं की मी ह्यांच्या दंडाला धरलं.

ह्यांनी हातातला घास खाली ठेवला. छातीत घरघर तेवढी ऐकू येत व्हती. मग माझा हात धरून खाली बसवलं आन् तो हात बेगमच्या पाठीवर ठेवला. गरम व्हती. बरगड्या हलत व्हत्या. तिला माझं काय, कुणाचंच काय पडलं नव्हतं. पुन्हा झोपली.

"अयुबचे अब्बा," मी म्हणलं, "उद्या बाजारातनं एक घुंगरू आणा. तिच्या गळ्यात बांधायला."

"घुंगरू?" ह्यांना हसू आलं. "अगं, ती बहिरी हाय. तिला काय ऐकू येणार?"

"तिच्यासाठी न्हाई," मी म्हणलं. "माझ्यासाठी."